पाठीची खुर्ची

पोलादपूरच्या डोंगरात वाढलेल्या बाईला एक गोष्ट कुणी शिकवत नाही. रानातून येताना वाटेत एखादी भाऱ्याशी खोळंबलेली दिसली आणि तिने ‘जरा हात लाव गो’ म्हटलं, की थांबायचं, भाऱ्याला खालून हात घालायचा आणि तो तिच्या डोक्यावर चढवून द्यायचा. ती ओळखीची असो, परक्या गावची असो, भांडणातली असो. माझ्या सासूचं आणि शेजारणीचं बांधावरून इतकं वाकडं होतं, की एकीची कोंबडी दुसरीच्या अंगणात गेली तर पिसं परत यायची. पण रानात गाठ पडली की एक दुसरीला भारा चढवून द्यायची. मग दहा पावलं पुढे जाऊन दोघी थुंकायच्या.

एकदा फॉरेस्टच्या गार्डने आईला ओल्या लाकडांसकट पकडलं. कोयता काढून घेतला, आमच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या, आणि जायला वळला. आई म्हणाली, “सायेब, कोयता न्या, पण जरा हात लावा.” त्याने शिव्या देत देतच भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

मी लहानपणी तोच भारा घेऊन पोलादपूरच्या बाजारात जायचे. हॉटेलवाले लाकडं घ्यायचे. तिथे मी जे शिकले त्याच्यावर पुढचं सगळं उभं केलं. भाव ठरेपर्यंत भारा खाली ठेवायचा नाही. मान जळत असली, चुंबळीखालून घाम डोळ्यांत उतरत असला, तरी उभं राहून बोलायचं. एकदा भारा जमिनीवर टेकला, की घेणाऱ्याला कळतं, ही आता एकटीने तो परत उचलू शकत नाही. मग तो चहा ढवळत बसतो आणि भाव पडतो. बाकीच्या बाया भारा टाकून मग घासाघीस करायच्या. मी उभ्याने भांडायचे. हॉटेलवाला म्हणायचा, ही पोर डोक्यावरचा भारा माझ्या डोक्यात घालील.

त्या भाऱ्यातून मी भाजीत गेले, भाजीतून टेम्पोत, आणि टेम्पोतून ठेक्यात. महाडच्या एमआयडीसीत झाडलोटीला आणि बागकामाला मी आमच्या वाड्यांवरच्या बाया पुरवायला लागले. माझ्या तोंडाला कारखान्यातले साहेब घाबरायचे आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बाईमाणसाने गोड बोलून काय मिळवलं ते माझ्या धाकट्या बहिणीकडे बघून कळत होतं. तिला तुडीलला दिली होती. नवऱ्याने मुंबईत दुसरी बाई ठेवली, आणि सासरच्यांनी हिला गोठ्याशेजारची खोली दिली, कामाला सोपं जावं म्हणून. दोन पावसाळे काढून ती कपड्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात आली. मी म्हटलं, राहा. ती म्हणाली, “राहीन, पण काम दे. तुझ्या घरात फुकटचं खाऊन तुझं तोंड ऐकायला माझ्यात ताकद नाय.”

त्याच सुमाराला आमच्या बाजूच्या माळावर डोंगर कापून रिसॉर्ट झालं होतं. त्यांनी गोल्फचं मैदान केलं. आम्ही ज्या माळावर गुरं सोडायचो तिथे आता हिरवळीला फवारे लागले आणि मुंबई-पुण्याचे लोक गाड्यांतून काठ्या भरलेल्या बॅगा घेऊन यायला लागले. हातात मोजा, तोही एकाच. आमच्या बायांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं की दुसरा घरी बायको घालत असणार.

गाडीतून बॅगा उतरवायच्या, मांडणीत लावायच्या, मैदानावर न्यायच्या, परत आणून गाडीत ठेवायच्या, असं ते काम. मॅनेजरला पुरुष हवे होते. बाया उचलतील का, असं त्याने मला त्याच्या केबिनमध्ये विचारलं. मी बरोबर आणलेल्या दोघींना खूण केली. त्यांनी त्याला खुर्चीसकट उचलला आणि खिडकीपाशी नेऊन ठेवला. तो हसला. ठेका मला मिळाला.

तेव्हा मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. बायांना बूट. पोर्चमध्ये पाणी. आणि जड बॅगेला दोघी. प्रवासाची मोठी बॅग असते, तिच्यात काठ्या, चेंडू, बूट, छत्री, बाटली, सगळा संसार कोंबलेला असतो, तिला एक बाई लावायची नाही. त्याने तिन्ही मान्य केल्या, आणि इतक्या लवकर केल्या की मी तिथेच ओळखायला हवं होतं. जो घासत नाही त्याला द्यायचंच नसतं.

पुण्याहून शिकवायला एक बाई आली. शरीराच्या दुखण्यांचं शिकलेली होती, आणि खरं सांगायचं तर त्या रिसॉर्टमध्ये मला भेटलेलं ते एकच सरळ माणूस. बॅग उचलण्याआधी जरा कलती करून वजनाचा अंदाज घ्या, म्हणाली. डिकीत वाकून, हात लांब करून उचलू नका. आधी कडेला ओढून घ्या, अंगाशी धरा, मग उचला. उचलल्यावर कमरेत वळू नका, पाय वळवा. दोन्ही खांद्यांत पट्टे घाला. डोक्यावर बॅग घ्यायची नाही, कितीही सवय असली तरी. आणि जड असेल तर एकटीने उचलायची नाही, दुसरीला हाक मारायची.

बाया कंटाळून ऐकत होत्या, या शेवटच्या वाक्याला मात्र सगळ्या हसल्या. एवढं सांगायला ही पुण्याहून आली. माझी बहीण पुढे होती. तिने विचारलं, “आणि दुसरी जवळ नसली तर?” ती बाई म्हणाली, मग जो जवळ असेल त्याला.

पावसाळा सरला, गर्दी वाढली, आणि मॅनेजरने माझ्या बाया कमी केल्या. एका बॅगेला दोघी लागल्या की पोर्चमध्ये बाजार भरल्यासारखा दिसतो, म्हणाला. मी भांडले. तो मला मावशी म्हणायला लागला. जो माणूस ठेक्याच्या आधी मॅडम म्हणतो आणि नंतर मावशी, त्याने तुम्हाला हिशोबातून काढलेलं असतं. मी सोडून जायची धमकी दिली. तो म्हणाला, कशेडी घाटाच्या पलीकडून माणसं आणता येतात मावशी, बोगदा झालाय आता.

मग तो दिवस आला. मी महाडला होते. त्या दिवशी कामावर होत्या त्या बायांनी मला सांगितलं ते लिहिते. थोडा फरक प्रत्येकीच्या सांगण्यात होता, पण मुद्द्याला सगळ्या एक होत्या.

एका पाहुण्याची गाडी आली. मोठी बॅग डिकीत आडवी रुतलेली. माझ्या बहिणीने ती कलती करून बघितली, शिकवलं होतं तसं. एकटीची नव्हती. दुसऱ्या बाया मैदानात. जवळ उभा होता तो बॅगेचा मालक. तिने त्याला म्हटलं, “सायेब, जरा हात लावा.”

त्याने आधी मागे वळून पाहिलं, ही कुणाशी बोलतेय म्हणून. मग हसला आणि त्याने मोज्याचा हात घालून एक बाजू उचलली. बॅग खाली आली. झालं. वाईट माणूस नव्हता. पण त्याचे दोस्त मागच्या गाडीतून उतरत होते आणि त्यांनी ते पाहिलं. दिवसभर त्यांनी त्याला हमाल म्हणून हाका मारल्या. चेंडू चुकला की हमाल, बसला की हमाल. दुपारपर्यंत तो माणूस आंबला. खेळ संपवून आला तो थेट मॅनेजरकडे गेला.

मॅनेजरने पोर्चमध्ये सगळ्या बायांना रांगेत उभं केलं. माझ्या बहिणीला पाहुण्यापुढे हात जोडायला लावले. तिने जोडले. एवढ्यावर थांबला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण पाहुण्याचं समाधान व्हायला हवं होतं. मॅनेजर तिला म्हणाला, आता सरांची बॅग गाडीत ठेव. एकटीने. कुणी जवळ जायचं नाही.

पाहुणा फोन बघत होता. बाया रांगेत उभ्या होत्या. हात लाव म्हणणारी समोर होती, आणि आमच्या डोंगरातल्या बाया, ज्या दुश्मनाचा भारा चढवून देतात, त्या हात पोटाशी धरून उभ्या राहिल्या. कुणाला घर होतं, कुणाला पोरं होती. मी त्यांना नंतर खूप बोलले. अजून बोलते. त्या ऐकून घेतात.

तिने बॅग अंगाशी धरली. उचलली. डिकीच्या कठड्यावरून आत लोटताना कमरेत वळावं लागलं, आणि तिथे तिच्या पाठीत काहीतरी गेलं. पण बॅग आत ठेवली तिने, पूर्ण. मग तिथेच डिकीच्या काठाला धरून वाकून राहिली. ड्रायव्हरला डिकी लावायची होती. तो म्हणाला, “बाई, हात काढा.” तिला हात काढता येईना. काढला असता तर पडली असती. ड्रायव्हर तसाच उभा राहिला, आणि पाहुणा आतून म्हणाला, चलो ना, उशीर होतोय.

महाडच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की मणक्यातली गादी सरकली आहे, यापुढे भार उचलायचा नाही. ती माझ्या घरात जमिनीवर, भिंतीला पाय लावून पडून राहिली. मी तिला सांगितलं, तू आयुष्यभर इथे राहिलीस तरी मी काही बोलणार नाही. ती म्हणाली, “तू आत्ताच बोललीस.”

मी रिसॉर्टमध्ये गेले. आधी पोर्चमध्ये, पाहुण्यांच्या देखत, आवाज चढवून. मग मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी सौदा करायला मला आवडतं. कामावर माणूस जखमी झालं असं मुंबईच्या मालकांना कळलं तर त्याची नोकरी जाणार होती. तो म्हणाला औषधपाणी बघतो, तिला घरी बसवा. मी म्हटलं, औषध नको, खुर्ची द्या. पोर्चच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, तिथे बसून बॅगांना नंबरांच्या चिठ्ठ्या बांधायच्या असायच्या. ते काम तिला कायमचं पाहिजे. आणि स्टूल नको, पाठीची खुर्ची. वर पंखा.

तो बराच वेळ घासत होता. मी उभीच होते, बसले नव्हते. शेवटी हो म्हणाला. खुर्ची, पंखा, सगळं. फक्त एक अट. ती इथे जखमी झाली नाही. घरी झाली. डोक्यावर लाकडाचा भारा घेताना.

मी घरी येऊन बहिणीला विचारलं. तिला विचारल्याशिवाय मी शब्द दिला नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे वेगळं सांगितलं गेलं. तुडीलहून तेव्हा निरोप यायला लागले होते की बरी असेल तर परत पाठवा, लावणी जवळ आली. ती छताकडे बघत म्हणाली, “मला तुडीलला नाय जायचं. काय बोलायचं तेवढं नीट सांग.”

म्हणून ती खुर्चीत बसली. कमरेला पट्टा, समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पहिले काही दिवस मी कारण काढून जायचे आणि तिला पंख्याखाली बसलेली बघून यायचे. आमच्या घरात कामाच्या ठिकाणी पाठ टेकून बसलेलं ते पहिलंच माणूस.

मग पुण्याची बाई परत आली, नव्या बायांना शिकवायला. तिने पट्टा पाहिला आणि जवळ बसून विचारलं, कुठे लागलं? बहिणीने ठरलं तसं सांगितलं. घरी, लाकडाचा भारा. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते पाणी. ती नव्या बायांकडे वळली आणि म्हणाली, बघा, इथे नियम पाळायचे आणि घरी जाऊन डोक्यावर भारे घ्यायचे, मग असं होतं. तिने बहिणीला उभं राहून पट्टा दाखवायला सांगितलं. बहीण उभी राहिली.

तेव्हापासून ते शिकवण्याचा भागच झालं. नव्या बाया आल्या की बॅग कशी कलती करायची ते दाखवायचं, पट्टे कसे घालायचे ते दाखवायचं, आणि मग माझी बहीण दाखवायची. मॅनेजर दारात उभा राहून मान डोलवायचा. ज्याने तिचं कंबरडं मोडलं तोच तिचा नमुना मांडून बसला होता, आणि वर पुण्याच्या बाईकडून शाबासकी घेत होता.

बहिणीला आधी दोन वाक्यं बोलताना घाम फुटायचा. पण माणूस जे रोज बोलतं त्यात हुशार होतं. ती भर घालायला लागली. कोणत्या उतारावर होते, लाकूड कसलं होतं, पाय कसा सरकला. बायांना ऐकायला आवडायचं. एकदा कुणीतरी विचारलं, एवढी सवय असून असं कसं झालं? तिने सांगितलं, चढवून देताना भारा वाकडा बसला.

हे वाक्य वाडीवर पोचायला संध्याकाळ लागली नाही. भारा वाकडा कुणी चढवला, हा प्रश्न आमच्याकडे लहान नसतो. ज्याने चढवला त्याची ती जबाबदारी. आणि त्या दिवसांत बहीण रानात जात होती ती फक्त आईबरोबर.

आई थकलेली आहे, पण तिचा हात अजून वाडीत नावाजलेला होता. तिने चढवलेला भारा घरापर्यंत हलत नाही, असं बाया म्हणायच्या. ती माझ्याकडे आली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली. मग विचारलं, “माझ्या हातचा व्हता का गो तो भारा?”

मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. डिकी, पाहुणा, मॅनेजर. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू तिची बाजू सावरतेस. ती स्वतः बोलली हाय सगळ्यांसमोर.” मी शपथ घेतली. आई म्हणाली, बाजारात तू रोज शपथा घ्यायचीस.

दुसऱ्या दिवशी मी रिसॉर्टमध्ये गेले. शिकवणं चाललं होतं. बहीण उभी राहून भाऱ्याची गोष्ट सांगत होती, आणि वाकड्या भाऱ्यापाशी आली होती. मी तिला मध्येच तोडलं. सगळ्यांच्या देखत त्या पुण्याच्या बाईला खरं काय ते सांगितलं. मॅनेजरकडे बोट दाखवलं. ज्या बाया तेव्हा रांगेत होत्या त्यांना म्हटलं, बोला. त्या जमिनीकडे बघत राहिल्या.

पुण्याची बाई बहिणीकडे वळली. तिने बहिणीला विचारलं, हे खरं आहे का?

बहीण खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅनेजरकडे. मग स्वच्छ आवाजात, पुण्याच्या बाईला समजेल अशा शहरी भाषेत म्हणाली, “ताई खोटं बोलते आहे. तिला ठेका वाढवून मिळाला नाही, त्याचा राग आहे. इथे लागलं असं बोलायला तिनेच मला शिकवलं होतं. मी घरीच पडले. आईने भारा वाकडा चढवला.”

आणि बसली. पाठ टेकून.

ठेका गेला, कशेडीपलीकडची माणसं आली. त्याचं मला एवढं वाटत नाही. ठेके मी आणखी मिळवले. बहिणीला रिसॉर्टने मागच्या बाजूला राहायला खोली दिली आहे. तुडीलहून आता निरोप येत नाहीत. पुण्याची बाई आली की ती अजून उभी राहते. मी त्या रस्त्याने गेले तर ती चिठ्ठ्यांवरून मान वर करत नाही. मीही हाक मारत नाही. ती खुर्ची मी उभ्याने भांडून मिळवली होती, आणि ती त्या खुर्चीत बसून मला खोटी ठरवते, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

परवा आईबरोबर रानाच्या वाटेने येत होते. वळणावर खालच्या वाडीची एक बाई भाऱ्याशी उभी होती. आईला बघून तिचा चेहरा सुटला. वाकड्या भाऱ्याचं बोलणं तिच्या वाडीपर्यंत पोचलं नसावं. म्हणाली, “बरं झालं आलीस म्हातारे, जरा हात लाव.”

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. “माझा हात नको,” म्हणाली, आणि तिच्या बाजूने पुढे निघून गेली. आमच्या डोंगरात मी असं कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईनेही नसावं. ती आईच्या पाठीकडे बघतच राहिली.

मी मागून येत होते. मी वाकले आणि भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला. तो तोलताना तिने विचारलं, तुझी बहीण कशी हाय आता?

मी म्हटलं, बरी हाय. खुर्चीत बसते.